चार ओळींची परवानगी

हो, मीच ती. आवाजावरून ओळखलंत ना? मला वाटलंच — आत आलात आणि पिशवी हातातच धरून भिंतीकडे बघत राहिलात. ती भिंत यायची ना व्हिडिओत, दोऱ्याच्या रिळांची फळी आणि ते बंद पडलेलं घड्याळ. लोक खाली लिहायचे, ताई, तुमच्याकडे कायम दहा वाजून दहाच कसे? आता काय सांगायचं, सेल घालायला सवड झाली नाही. चढा, चढा त्या स्टुलावर. डुगडुगत नाही, ह्यांनीच केलंय ते, म्हणजे पूर्वी, हात चालत होता तेव्हा. सरळ उभ्या राहा — खाली नका बघू, खाली बघितलं की पँट पुढून वर जाते आणि माप चुकतं. वडील? तुमचे? झटका येऊन किती दिवस झाले? — आठ महिने. हं. उजवी बाजू गेली का? आमच्या ह्यांचीही उजवीच. म्हणजे रोज सकाळी लावायचे म्हणता आमचे व्हिडिओ, दाढी झाली की. आणि आता पडद्यावर काय येतं — ‘हे चॅनल उपलब्ध नाही.’ आणि तरी रोज तेच बटण दाबत बसतात. अरे देवा. नाही हो, आजारी कुणी नाही पडलं, कंटाळाही नाही केला. मी बंद नाही केलं. म्हणजे — नाही, सांगते. सांगते ना. टाचण्या लावेपर्यंत तरी तुम्हाला हलता यायचं नाहीये.

आमचे हे काचा बसवायचे. खिडक्यांच्या, दुकानांच्या, मोठमोठ्या — दोन माणसांनी उचलायच्या त्या. कामावर सारखं गाणं तोंडात. मालक लोक म्हणायचे, अहो, काच फुटेल की. तर एका सकाळी दाढी करता करता वस्तरा खाली पडला, आणि माणूस बसला तो बसलाच. दवाखान्यातून घरी आले तेव्हा एकच शब्द उरला होता — ‘बरं’. कशालाही ‘बरं’. तहान लागली, बरं. पाठ दुखतेय, बरं. मी चिडले, रडले, समोर जोरात भांडं आपटलं, तरी ‘बरं’. सदतीस वर्षांत माझं एवढं कधी ऐकलं नव्हतं हो त्यांनी! हसा, हसा, आम्हीही हसलो होतो तेव्हा. पण रात्रंदिवस एकच शब्द ऐकून माणूस वेडा होतो. त्यांच्या डोळ्यांत सगळं दिसायचं, की आत शब्द आहेत, रांग लावून उभे आहेत, फक्त दार उघडत नाहीये. मग त्या केंद्रातल्या बाई, बोलायला शिकवणाऱ्या, त्या म्हणाल्या, ह्यांना गाणी आवडायची का? मग गायला लावा. बोलणं डोक्याच्या एका बाजूला असतं म्हणे आणि गाणं पसरलेलं असतं, दुसऱ्या बाजूलाही. एक बाजू गेली तरी कधी कधी गाणं उरतं.

मला मेलीला गाता कुठं येतंय. दार लावून घेतलं, खिडकी लावून घेतली, आणि म्हटलं एक जुनं गाणं. कुठलं म्हणजे — हे माझ्या वडलांच्या घरी काच बसवायला आले होते ना पहिल्यांदा, तेव्हा जे म्हणत होते ते. अख्खी दुपार तेवढंच. मी पाण्याचा तांब्या घेऊन गेले तर थांबले आणि लाजले — बरं ते असू दे. तर मी पहिली ओळ म्हटली. दुसऱ्या ओळीला हे आले. शब्दांसकट! तुम्हाला कळतंय ना, तुमच्या घरातच आहे हे — शब्दांसकट! ‘पाणी’ म्हणता न येणारा माणूस अख्खी ओळ म्हणतोय, वाकडीतिकडी, उजवीकडून लाळ गळतेय, पण म्हणतोय. चार ओळी म्हटल्या. मी तिथंच जमिनीवर बसले.

माझी भाची आली होती तेव्हा, तिनं फोनवर काढून ठेवलं — केंद्रातल्या बाईंना दाखवायला, दुसरं काही मनात नव्हतं. पण तिनंच मग म्हटलं, मावशी, टाकूया का हे, अशी कितीतरी घरं असतील. नाव पण तिनंच दिलं, ‘पुन्हा बोलूया’. मी शिकले हळूहळू. फोन कुठं उभा करायचा, उजेड कुठून घ्यायचा. कपड्यांच्या गठ्ठ्यावर फोन टेकवायचा नि बसायचं दोघांनी. ‘प’ म्हणा, ‘ब’ म्हणा, गाल फुगवा, मेणबत्ती विझवा. शंभरावर व्हिडिओ झाले हो. त्यातले गाण्याचे किती? अकरा. फक्त अकरा. ते पहिलं गाणं पाचसहा वेळा, बाकी दुसरी. आणि लोक यायला लागले. एक जण जहाजावर नोकरी करणारा, तो लिहायचा, मी समुद्रावर आहे, आई घरी तुमच्यासमोर बसून ‘प’ म्हणते. एका बाईंनी लिहिलं, माझे मिस्टर आज माझ्यावर ओरडले, पूर्ण वाक्य ओरडले, तुमचे उपकार कसे फेडू! हे सगळं मी ह्यांना वाचून दाखवायची. हे ऐकायचे आणि म्हणायचे — ‘बरं’. पण वेगळं ‘बरं’ ते. छाती पुढं काढून.

पाय थोडा बाहेर. हां. मग पहिली नोटीस आली. मी आधी घाबरले, मग भाचीनं वाचली, की या व्हिडिओत अमुक कंपनीच्या मालकीचं गाणं सापडलं आहे. मी विचारलं, कुणी सांगितलं त्यांना? ती म्हणाली, कुणी सांगत नाही मावशी, मशीन ऐकतं आपोआप आणि ओळखतं. आता बघा — माझ्या नणंदेला तो व्हिडिओ दाखवला होता मी, सख्खी बहीण ह्यांची, तिला शेवटपर्यंत कळलं नाही हे काय म्हणतायत. आणि त्या मशीनला कळलं! अहो, मी खूश झाले! खरंच सांगते, देवापुढं हात जोडले. म्हटलं, म्हणजे सूर लागतोय ह्यांचा. मशीन काय खोटं कौतुक करणार आहे? ह्यांना जाऊन सांगितलं, अहो, कंपनीला ओळखू आलं तुमचं गाणं. त्या दिवशी हे तीनदा गायले. नोटिशीत लिहिलं होतं की तुम्हाला काही करायची गरज नाही, फक्त तिथं ज्या जाहिराती लागतील त्या कंपनीच्या नावानं लागतील. लागू दे की. आम्ही काय दुकान मांडलं होतं?

तीन महिने गेले आणि दुसरी आली. तिची भाषा वेगळी. तोपर्यंत कंपनीचं धोरण बदललं असेल, नाहीतर कंपनीच दुसरी झाली असेल, कुणाला ठाऊक. आमच्या गाण्याच्या अकराव्या व्हिडिओवर ती आली. तुमच्यापुढं तीन वाटा, म्हणे — अख्खा व्हिडिओ काढून टाका, नाहीतर आवाज बंद करा, नाहीतर फक्त गाणं घालवा आणि बाकीचं बोलणं ठेवा. बाकीचं बोलणं! कुठलं बाकीचं बोलणं हो? गाणं तेवढंच तर बोलणं होतं त्या माणसाचं.

थांबा — थांबा जरा. ही पँट लांब कुठाय? ही तर घोट्यावर अगदी बरोबर येतेय. मी मघापासून दुमडतेय आणि उलगडतेय, म्हटलं माझ्याच डोळ्यांना काय झालं. अगं, नुसतं निमित्त केलंस ना पँटचं? तू म्हटलं तर चालेल ना, माझ्या भाचीएवढीच आहेस. सरळ दारात उभं राहून विचारायचं, की बाई, माझ्या बापाचा मास्तर कुठं गेला? — उतरू नकोस, टाचण्या टोचतील. काढते एकेक.

तो अकरावा व्हिडिओ. त्याचं सांगू की नको — कुणाला सांगितलं नाहीये, भाचीलाही नाही. त्या दिवशी ह्यांना बरं नव्हतं. सकाळपासून मान खाली. पण मी आदल्या दिवशी लिहून बसले होते, की उद्या नवीन व्हिडिओ येतोय, आणि लोक वाट बघत होते, खाली विचारत होते. मला ना — खोटं कशाला बोलू — मला सवय लागली होती. सकाळी उठलं की आधी फोन, किती जणांनी बघितलं. जन्मभर दुसऱ्यांच्या कपड्यांची उसवण काढलेली बाई मी, कुणी ‘वा’ म्हटलं नव्हतं कधी. तर बसवलं ह्यांना. पहिल्यांदा म्हटलं तर बाहेरून गाडीचा हॉर्न. दुसऱ्यांदा उजेड गेला. तिसऱ्यांदा ओळ विसरले. सात वेळा. सात वेळा म्हणायला लावलं मी. सहाव्यांदा त्यांनी डावा हात वर केला असा — पुरे — आणि मी तो हात धरून खाली ठेवला आणि म्हटलं, नीट म्हणा, नाहीतर आवाजच बंद करून टाकीन तुमचा. असं बोलतो ना आपण रागाच्या भरात. बोलून गेले. सातव्यांदा छान झालं. छानच झालं, तू बघितला असशील तो, निळा शर्ट.

आणि त्याच व्हिडिओवर नोटीस. मी विचार केला, काढून टाकण्यापेक्षा आवाज बंद केलेला बरा — निदान ह्यांचा चेहरा तरी राहील, तोंड कसं हलवायचं ते लोकांना दिसेल. माझ्या बोटानं दाबलं मी ते बटण. आणि फोनवरून पुसून टाकलेला होता आधीच, जागा पुरत नाही ना, टाकला की पुसायचा ही माझी पद्धत. दोन दिवसांनी हे टीव्हीसमोर बसले होते. नणंद आली होती, तिनं कौतुकानं लावला तोच. मी इथं खाली दुकानात. वर गेले तर नणंद रिमोट हातात घेऊन आवाज वाढवतेय, वाढवतेय, आणि हे बघतायत. निळा शर्ट, तोंड हलतंय, गळ्याची शीर फुगलीय, आणि आवाज नाही. हे स्वतःच्या गळ्याला हात लावून बघत होते. असा. दाबून. मग त्यांनी माझ्याकडे बघितलं. ‘बरं’ नाही म्हणाले. त्या दिवसापासून ‘बरं’सुद्धा नाही. गाणं तर सोडच. मी किती समजावलं, अहो, कंपनीनं केलं, मशीन असतं, नियम असतो. पण कंपनी म्हणजे काय, कसं समजावणार? त्यांनी फक्त एवढंच ऐकलं होतं की ही म्हणाली, आवाज बंद करून टाकीन. आणि बंद झाला.

मग मात्र माझं डोकं फिरलं. भाची म्हणत होती, मावशी, शांत राहा, ते गाण्याचे अकरा काढून टाक, बाकीचे शंभर राहू दे, व्यायामाचे. ऐकायला हवं होतं ना? — नाही ऐकलं. ती झोपल्यावर — नाही, दुपारीच, दुपारीच बसले मी दुकान बंद करून, आणि तक्रार लिहिली. तिथं छापील प्रश्न असतात. गाणं तुमचं आहे का? नाही. गाण्याची परवानगी आहे का? मी म्हटलं, आहे. कुणाची म्हणजे? ह्यांची! गाणाऱ्याची परवानगी, असं वाटलं मला. शपथ घालतात खाली, की वरील माहिती खरी आहे. मी घेतली शपथ. एका व्हिडिओसाठी नाही, तोवर आणखी एकावर नोटीस आली होती, त्या तिन्हींसाठी. नाकारली. मग अपील असं एक बटण येतं. भाचीनं बजावलं होतं, ते दाबू नकोस, ते दाबलं आणि कंपनी अडून बसली की ठपका पडतो, आणि तीन ठपके म्हणजे चॅनलच जातं. मी तिन्हींवर दाबलं. मला वाटलं, अपील म्हणजे कुणीतरी माणूस वाचेल. एक माणूस. खुर्चीवर बसलेला, चष्मा लावलेला, तो बघेल की हा आजारी माणूस आहे, आणि म्हणेल, राहू द्या हो. आठवड्यानं एकाच दिवशी, एकापाठोपाठ एक, तीन ठपके. मेणबत्ती, गाल फुगवा, ‘प’, ‘ब’, खाली लोकांनी लिहिलेलं सगळं, तो जहाजावरचा मुलगा — सगळं. चहा उकळून खाली यायला जेवढा वेळ लागतो ना, तेवढ्यात. मी लोकांना सांगत सुटले, कंपनीनं केलं, कंपनीनं केलं. तुलाही मघाशी तेच सांगणार होते.

त्यातूनही एक वाट होती म्हणे पुढं. आपलं खरं नाव, राहता पत्ता लिहून द्यायचा, तो कंपनीच्या वकिलांकडं जातो, आणि मग त्यांनी ठरवायचं कोर्टात खेचायचं का नाही. हे दुकान भाड्याचं, वर दोन खोल्या, तिथं हे असे बसलेले. कुठला पत्ता लिहू? त्यापेक्षा म्हटलं, सरळ कंपनीलाच विचारावं. साधं पत्र लिहिलं. की चार ओळी गायची परवानगी द्या. उत्तर आलं! खोटं नाही सांगत, छान, अदबशीर उत्तर. कृपया कळवावे, वापर किती काळासाठी, कोणकोणत्या देशांत, कुठल्या माध्यमात, गाणारा कलाकार कोण. मी उलट लिहिलं — काळ, ते आहेत तोवर. देश, वरची खोली. कलाकार, काचा बसवायचे. त्यावर मात्र काही आलं नाही. तसं रागवायचं तरी कुणावर? ज्यानं ते गाणं लिहिलं असेल, चाल लावली असेल, त्याच्याही घरात कुणी असेलच की. कुणी माझं शिवलेलं स्वतःचं म्हणून खपवलं तर मी गप्प बसले असते का? ते सगळं कळतं गं मला. कळून काय करू पण. घरात म्हणायला कुणी अडवलंय? कुणीच नाही. म्हणा की. कंपनी काही वर येऊन बघत नाही. पण म्हणणारा माणूसच —

झाल्या टाचण्या. उतर. कशाला हात घालतेस पर्समध्ये, काहीच काम केलं नाही मी तुझं. — काय? फोन? काय आहे त्यात? वडील तुझे. हां, दिसतायत की, चेहऱ्यावर तेज आहे गं त्यांच्या. डॉक्टरांना दाखवायला काढलास? बरं केलंस, दर महिन्याला काढत जा, आपल्याला कळत नाही पण फरक —

कुणाचा आवाज आहे तो?

तो मागचा. तुझ्या वडलांच्या मागून येतोय. टीव्ही चालू होता? परत लाव. नाही, सुरुवातीपासून. — हे आहेत. हे आहेत गं. निळ्या शर्टाचाच आहे तो, सातवा, मी आवाज बंद करायच्या आधीचा, दुसऱ्या ओळीला अडखळून परत उचललीय बघ. आणि तुझे वडील पाठोपाठ. दोघं मिळून. कुणाचा शब्द कुठं संपतो तेच — परत लाव. एकदाच. 

नको, मला पाठवू नकोस. अजिबात नको. माझ्या फोनवर आलं ना, तर मी टाकीन कुठंतरी. आत्ता तुझ्यासमोर शपथ घेईन आणि उद्या टाकीन, मला माहितीय मी कशी आहे ते. तूही टाकू नकोस. बहिणीला नको, मैत्रिणीला नको, कुणाला म्हणजे कुणालाच पाठवू नकोस, घरातल्या घरात ठेव.

एक करशील? वर जा. मागच्या बाजूनं जिना आहे, दार नुसतं लोटलेलं असतं. खिडकीपाशी बसलेले असतील. सांग, मी अमुक, माझे वडील रोज तुमच्याबरोबर गातात. आणि लाव. मी नाही येत. मी लावलं तर ते गाणं ऐकायच्या आधी माझ्याकडं बघतील. तू परकी आहेस, तुझं ऐकतील. काही म्हणाले तर — म्हणाले तर खाली येऊन सांगू नकोस लगेच. आणि नाही म्हणाले तरी सांगू नकोस. तशीच मागच्या दारानं निघून जा, पिशवी उद्या ने.

नाही, ऐकू नाही येणार मला, मशीन चालू ठेवते मी. पडदे पडलेत शिवायचे, दहा फूट सरळ शिलाई आहे. जा ना गं. उभी काय राहिलीस, जा.